झाकलं जाण्याआधी पाहा : बांधकाम तपासणीवर नव्याने लागलेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी पूर्व नागपुरातल्या एका घराच्या स्लॅबच्या तपासणीला मी अकरा वाजता पोचलो. ठेकेदाराने आदल्या संध्याकाळी फोन केला होता, "सकाळी या साहेब." सकाळी मी ऑफिसात टपाल काढत बसलो. पोचलो तेव्हा अर्धा स्लॅब ओतून झाला होता, मिक्सर फिरत होता आणि मिस्त्री म्हणाला, "सगळं नकाशाप्रमाणंच आहे जी." असेलही. मी सही केली. त्या घराच्या मागच्या गॅलरीत सळ्या वर होत्या की खाली, हे मला आजही माहीत नाही.

या कामात काय पाहिलं याच्याइतकीच केव्हा पाहिलं याला किंमत आहे. भिंत वाकडी असेल तर ती वर्षभराने गेलात तरी वाकडीच दिसेल. पण फुटिंगखालची (कॉलमच्या पायाखालची) माती, कॉलममधल्या रिंगा, गॅलरीतलं लोखंड या गोष्टी एका ठरावीक सकाळपुरत्या उघड्या असतात. ती सकाळ हुकली की पुढे सगळं ऐकीव. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते त्या सकाळींच्या क्रमानेच.

निघण्याआधी फाइल

नागपुरात पहिला प्रश्न असतो तो परवानगी कोणाची, हा. महापालिकेचे दहा झोन, १९३६च्या कायद्याने आलेला नागपूर सुधार प्रन्यास आणि शहराबाहेरच्या गावांसाठी २०१७ पासूनचं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ५७२ आणि १९०० हे अनधिकृत ले-आउटचे आकडे इथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. भूखंड अशा किंवा २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेल्या ले-आउटमधला असेल, तर नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपल्या भाषेत 'आरएल', आणि त्यासोबतचा नकाशा मागा. विक्रीपत्रातलं क्षेत्रफळ आणि आरएलमधलं क्षेत्रफळ जुळतं का, हे टेबलावरच तपासा. जुळत नसेल तर मौक्यावर कितीही टेप लावला तरी गुंता सुटणार नाही.

डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे एकत्रीकृत बांधकाम नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर शुल्क भरून कळवलं की काम सुरू करता येतं आणि ३०० पर्यंत वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी मिळते. घरमालकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मात्र छोट्या घराचा नकाशा आता आपल्या नजरेखालून फारसा जात नाही, शेजाऱ्याची तक्रार तेवढी आपल्याकडे येते. तेव्हा 'हे प्रकरण आपल्याकडे नव्हतंच' असं म्हणण्याची सवय लावून घेऊ नका.

परवानगीची तारीखही पाहा. ती एका वर्षाची असते, दरवर्षी वाढवून घेत एकूण चार वर्षांपर्यंत जाते. बँकेचं कर्ज अडकलं, घरात लग्न निघालं, काम दोन वर्षं थांबलं आणि मग एकदम सुरू झालं, अशी प्रकरणं दर महिन्याला भेटतात. मुदत संपलेली असेल तर आधी ती वाढवून घ्यायला लावा. पुढची मोजमापं त्यानंतर.

पिशवीत काय हवं : तीस मीटरची फीत, पाच मीटरचा टेप, ओळंबा, पाणनळी, व्हर्नियर, टॉर्च, खडू आणि बांधीव वही. सुट्या कागदांवर लिहू नका, ते हरवतात आणि कोर्टात त्यांना कोणी विचारत नाही. हेल्मेट स्वतःचं न्या. साइटवरचं हेल्मेट बहुधा एकच असतं आणि ते पाणी काढायला वापरलेलं असतं.

आखणीचा दिवस

चुना पडला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पण कुदळ लागलेली नाही, त्या दिवशी जा. या दिवशी चूक सुधारायला फक्त दोरी सरकवावी लागते.

आधी भूखंडाची हद्द. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे, हे मनात पक्कं करा. जुन्या वस्त्यांत भिंत फूटभर इकडे-तिकडे असतेच. मोजणीचा नकाशा किंवा ले-आउटचं डिमार्केशन हातात घेऊन चारही कोपरे शोधा, चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर भूखंड तिरका आहे, आणि नकाशात तो काटकोनात काढला असेल तर कुठली तरी एक मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) खोटी पडणार. बांधकामाचा कोपरा तीन-चार-पाचने तपासा : एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४, मधलं अंतर बरोबर ५.

मार्जिन मोजताना दोरी कॉलमच्या मध्यावर आहे की भिंतीच्या बाहेरच्या कडेवर, हे विचारून घ्या. निम्मे वाद इथेच जन्मतात. दोरी मध्यावर असेल तर प्रत्येक बाजूने साडेचार इंच आणि वर गिलावा, एवढं बांधकाम बाहेर येणार आहे.

मग मान वर करा. विजेची तार पाहा. ११ केव्हीपर्यंतच्या लाइनपासून इमारतीचा कुठलाही भाग आडवा १.२ मीटर, ३३ केव्हीपर्यंत २ मीटर आणि लाइनखाली बांधकाम येत असेल तर उभं अंतर ३.७ मीटर हवं. हे अंतर गॅलरीच्या टोकापासून मोजायचं, भिंतीपासून नाही. नागपुरात गच्चीवरून तारेला हात लागून मुलं दगावली आहेत. तार पुढे 'शिफ्ट होणार आहे' असं सांगितलं तर वहीत लिहा, पण मोजताना ती आज आहे तिथेच आहे असं धरा. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला काम असेल तर उंचीची ना-हरकत आणि नाल्याकाठी असेल तर नाल्याची हद्द, ही दोन कागदं याच दिवशी पाहायची.

खड्डा

शहराच्या बऱ्याच भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या भूखंडावर पडलेल्या भेगा पाहिल्या असतील तर वेगळं सांगायला नको. फुटिंग तिच्यावर टेकलं तर घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं, थोडं खाली बसतं आणि चार-पाच वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. मग घरमालक मिस्त्रीला शिव्या देतो. दोष मात्र खड्ड्यात राहिलेला असतो.

खड्ड्यात उतरा. वरून वाकून पाहू नका. पण पाच फुटांहून खोल खड्डा असेल, बाजूंना आधार नसेल आणि काढलेली माती काठावरच रचली असेल, तर आधी ती हटवायला सांगा, मग उतरा. आत जाऊन लोखंडी सळई टाचेच्या जोराने दाबा. काळ्या मातीत ती जाते, पक्क्या मुरुमात अडते. सगळ्या खड्ड्यांत एकच थर लागला पाहिजे. सहा फुटिंगं मुरुमावर आणि दोन काळ्या मातीवर, ही सगळ्यात वाईट स्थिती. सगळं घर एकदम खचलं तर एक वेळ चालेल, एकच कोपरा खचलेला चालत नाही. काळी माती फार खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर अंडररीम पाइल देतो, ज्यात पाइलच्या खालच्या टोकाला दांड्याच्या सुमारे अडीचपट व्यासाचा फुगा असतो. तो फुगा प्रत्यक्ष काढला का, हे त्याच दिवशी कळतं.

खड्डा उघडा असताना रात्री पाऊस पडला असेल तर मऊ झालेला थर खरवडून काढायला लावा, पीसीसी, म्हणजे लोखंडाविना काँक्रीटचा थर, मगच. आणि जोत्याच्या भरावात तीच काढलेली काळी माती परत टाकत आहेत का, यावर लक्ष ठेवा. मुरमाची ट्रिप पैसे मागते, काळी माती फुकट असते. भरावाच्या वेळी तुम्ही नसाल तर फरशी खाली बसेपर्यंत हे कोणालाही कळत नाही.

एक मर्यादा इथेच सांगतो. फुटिंग अपुरं वाटलं तर 'एक फूट वाढवा' असं तोंडी सांगून येऊ नका. तुम्ही डिझाइन केलेलं नाही. जे दिसलं ते लिहा, काम थांबवायला सांगा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी उत्तर मागवा. माझ्या एका सहकाऱ्याने दयाबुद्धीने असा तोंडी सल्ला दिला होता. पुढे भिंतीला तडे गेल्यावर तोच सल्ला त्याच्या नावावर चढला.

जोतं

जोत्याच्या तपासणीत बाहेरची मापं पुन्हा घ्यायची, कारण आखणीनंतर दोरी सरकलेली असू शकते. पण नागपुरात जोत्याचा खरा प्रश्न उंचीचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेतून उठले ते पाण्यात. त्यात आपले सिमेंट रस्ते. जुन्या डांबरी रस्त्याच्या मापाने जोतं बांधलं आणि वर्षभरात समोर सिमेंटचा रस्ता आला की घराचा उंबरठा आणि रस्ता एका पातळीत येतात. म्हणून पाणनळीने जोत्याची पातळी समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजा, वहीत लिहा आणि त्या रस्त्याचं काँक्रिटीकरण व्हायचं आहे का, हे घरमालकाला विचारायला सांगा. नियमाने तुम्हाला हे सांगणं बंधनकारक नाही. पण चार इंच वाढवायला या घडीला लागणारा खर्च पुढच्या पंपाच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

लोखंडाची सकाळ

इथे वेळ काढा. घाई होणारच. "साहेब, टाकून देऊ ना, गाडी येऊन राहिली," हे वाक्य ऐकू येईलच. गाडी येऊन राहिली तर थांबेल. तपासणी आदल्या दिवशी दुपारी ठरवा म्हणजे दुरुस्तीला रात्र मिळते.

आधी सळई खरी आहे का. व्हर्नियरने जाडी मापा, पण ठोकळ खात्री वजनाने होते : व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला इतके किलो. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे. भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर एक तोलून आणायला लावा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरली तर माल परत.

कॉलमच्या रिंगा. नकाशात अंतर दिलेलं असतं, पण नकाशा चुकलाय का हे तपासायची पट्टी तुमच्याकडे हवी. भारतीय मानक ४५६ सांगतं की रिंगांमधलं अंतर कॉलमची लहान बाजू, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाची सोळापट आणि ३०० मिमी, या तिन्हींपैकी कशाहीपेक्षा जास्त नको. आपल्याकडचा नेहमीचा नऊ बाय पंधरा इंची कॉलम घ्या, त्यात १२ मिमीच्या सळ्या. लहान बाजू २२९ मिमी, सोळापट म्हणजे १९२ मिमी. तर मर्यादा १९२, म्हणजे जेमतेम साडेसात इंच. मिस्त्रीचा हात मात्र आठ इंचांवर बसलेला असतो, आणि आठ इंच म्हणजे २०३. त्याला वाटतं अर्ध्या इंचाने काय बिघडतं. पण तोच हात कॉलमच्या वरच्या टोकाला, जिथे बीमच्या सळ्यांची गर्दी असते, तिथे रिंगाच घालत नाही. टॉर्च तिथे मारा. रिंगांच्या टोकांचे हुक नकाशात १३५ अंशांचे असतील तर ते आत, काँक्रीटच्या पोटात वळलेले हवेत आणि सगळे एकाच कोपऱ्यात यायला नकोत.

जोड पाहा. सगळ्या सळ्यांचे जोड एकाच उंचीवर असतील तर तिथे कॉलमची कंबर मोडते.

कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर : फुटिंगला ५० मिमी, कॉलमला ४०, स्लॅबला किमान २०. सिमेंटचे कव्हर ब्लॉक हवेत. फरशीचे तुकडे किंवा गिट्टीचा खडा सळईखाली सारलेला दिसला तर काढून टाका. व्हायब्रेटर लागला की तो निसटतो.

आणि गॅलरी, छज्जा. माझं सगळं ऐकू नका, पण हे ऐका. दोन बाजूंनी टेकलेल्या स्लॅबमध्ये ताण खालून येतो, म्हणून मुख्य लोखंड खाली. एका बाजूने अधांतरी असलेल्या गॅलरीत ताण वरून येतो, म्हणून मुख्य लोखंड वर, आणि आतल्या स्लॅबमध्ये पुरेशा लांबीपर्यंत गेलेलं. नकाशात हे बरोबर असतं, बांधतानाही बहुधा बरोबर असतं. बिघडतं ते ओततेवेळी : पाट्या घेऊन ये-जा करणाऱ्या रेजा आणि मजूर त्या वरच्या जाळीवर पाय देतात, जाळी खाली बसते आणि काँक्रीट तसंच पडतं. बाहेरून गॅलरी गुळगुळीत दिसते आणि तिचं लोखंड चुकीच्या बाजूला असतं. उपाय दोन : जाळीखाली सळईच्या खुर्च्या, साधारण दोन-तीन फुटांवर एक, आणि चालायला फळ्या. फळ्या टाकल्याशिवाय ओतायला सुरुवात होऊ देऊ नका. यावर मला "वीस वर्षं झाली छज्जे टाकून" असं सुनावलेलं आहे. मी फळ्या येईपर्यंत तिथेच विटांच्या थप्पीवर बसून राहिलो, पाऊण तास.

ओतण्याचा दिवस

रेती बाटलीत तपासा : निम्मी रेती, त्यावर पाणी, हलवून ठेवा. वर बसणारा मातीचा थर रेतीच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड नको. रेती कन्हानची आहे असं सगळेच सांगतात, बाटली नावाला भुलत नाही.

पाणी हा इथला खरा शत्रू. एम-२० दर्जाच्या काँक्रीटच्या कामात पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ धरलं तर ५० किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटर, आणि तेही रेतीतला ओलावा वजा करून. पाइप सोडून 'अंदाजाने' पाणी टाकत असतील तर मापाची बादली आणायला लावा. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी असेल तर चलनावरची भरण्याची वेळ पाहा. नेहमीच्या मालाला दोन तासांची मर्यादा आहे, आणि गाडीत वरून पाणी मारलं तर ती गाडी परत.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे बीम सोडून सुमारे १२ घनमीटर. मानकाप्रमाणे ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे. क्यूबवर तारीख तुमच्यासमोर कोरा. प्रयोगशाळेत जाणारे क्यूब वेगळ्या, जास्त सिमेंटच्या घाणीतून भरायची कला काही ठेकेदारांना छान साधलेली असते.

तापमान ४० अंशांच्या वर गेलं की काँक्रीटला उष्ण हवामानाचे नियम लागतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे तेच. पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवायला सांगा, किंवा संध्याकाळी. सेंट्रिंगच्या पत्र्यावर आणि गिट्टीवर आधी पाणी मारलेलं हवं.

त्यानंतरचे दिवस

तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, लोक कंटाळतात, म्हणून न सांगता जा. आपल्याकडे विकलं जाणारं बहुतेक सिमेंट फ्लाय अॅशचं, त्याला किमान दहा दिवस पाणी. स्लॅबवर मातीच्या आळ्या करून पाणी साचवलं असेल तर पाहिलं की कळतं. कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं हवं, पण ते दुपारी तीनला हात लावून पाहा.

टेकू काढायची घाई दुसऱ्या कामाला सेंट्रिंग हवं असतं म्हणून होते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून लांब असेल तर चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, पुढे एकवीस. हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत, फ्लाय अॅश असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून वाढवा.

वही

नोंद साइटवरच लिहा, उभ्याउभ्या. अशी : "सकाळी ९.२०. पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं लोखंड. कॉलम सी-४ वर रिंगांचं अंतर २१० मिमी, नकाशात १५०. मागच्या गॅलरीत खुर्च्या नाहीत. ओतकाम थांबवण्यास सांगितलं. ११.०५ ला दुरुस्ती पाहिली, खुर्च्या अकरा. ओतण्यास हरकत नाही." 'काम समाधानकारक' हे शब्द वापरू नका. त्यातून काहीच कळत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा साइटवर लावणं आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून नोंद ठेवणं बंधनकारक केलं आहे. नकाशा लावलेला नसेल तर पहिली ओळ तीच लिहा.

चहाचं म्हणाल तर मी घेत नसे. एक कप चहाने कोणी विकत जात नाही हे खरं, पण शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्या तक्रारदाराला ते माहीत नसतं. चहापेक्षा जास्त काही पुढे आलं तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आपल्यासाठीही आहे.

परवानगीबाहेरचं काम दिसलं तर

पार्किंगमध्ये उभी राहिलेली खोली, मार्जिनमधलं संडास, बंद केलेली गॅलरी, गच्चीवरचं टिनाचं शेड. हे नेहमीचे चार. (उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर लटकलेल्या कूलरवरून भांडत आलेले शेजारी हा पाचवा. तिथे समजूत काढा, नोटीस काढू नका.) काम चालू असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ खाली थांबवण्याची नोटीस, झालेलं असेल तर कलम ५३. मोजमापांसह पंचनामा, फोटोत तारीख आणि ठिकाण. मात्र हातोडा घेऊन धावायचे दिवस गेले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कारणे दाखवा नोटीस, पंधरा दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचं चित्रीकरण अनिवार्य केलं आहे. रस्ता, फुटपाथ, नदी यांवरचं अतिक्रमण आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद. एक पायरी चुकली तर खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ शकतो. म्हणून नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि बांधकामावर चिकटवा, दोन्ही करा.

भोगवटा

भोगवटा प्रमाणपत्राआधीची शेवटची भेट लोक हारतुऱ्यांच्या मूडमध्ये घेतात. वास्तूचं आमंत्रण छापून झालेलं असतं. तुम्ही मात्र तळापासून वर जा. पार्किंगमध्ये गाडी खरोखर आत वळते का, ते मालकाची गाडी आत घ्यायला लावून पाहा. जिन्याची रुंदी कठड्यांच्या आतून मोजा. नकाशात पावसाचं पाणी मुरवण्याचा खड्डा असेल तर झाकण उघडा. झाकणाखाली कधीकधी फक्त जमीन सापडते. गच्चीचा नळ सोडून पाणी उताराने खाली येणाऱ्या पाइपकडे जातं की कोपऱ्यात साचतं, ते पाहा. आणि खाली येऊन तो पाइप त्या खड्ड्यातच उघडतो ना, याची बादलीभर पाणी ओतून खात्री झाल्यावर मगच फाइलवर लिहायला बसा.